झुडपातली आई

"पुस्तकात नाही ते वाचून दाखवू नकोस गं. पोरगी एक दिवस वाचायला शिकेल, मग तोंड कुठे लपवशील?"

असं माझी आई म्हणाली होती. फोनवर. मी मान वाकडी करून फोन खांद्यात धरला होता आणि दुधाची बाटली धूत होते. म्हटलं, "आई, ती अजून पुस्तकं चावते. वाचायला लागेल तेव्हा बघू." आणि हसले. पलीकडे आई हसली नाही. पण मी घाईत होते, आणि आईच्या न हसण्याकडे लक्ष द्यायची सवय मला कधीच नव्हती.

भानगड एका चित्रांच्या पुस्तकाची होती. नदीकाठी राहणारी एक मुलगी कपडे भिजवायच्या जुन्या टबात बसते आणि मोठ्या पळीनं वल्हवत थेट समुद्रापर्यंत जाते. वाटेत एक म्हातारं कासव लागतं, बंद पडलेली गिरणी लागते, दाट धुकं लागतं, शेवटी दीपगृह येतं. गोष्ट छान आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पहिल्याच पानावर लिहिलंय, 'तिला कुणीच नव्हतं.' बस, एवढंच. एका ओळीत आईबापांचा निकाल लावला आणि टब पाण्यात सोडला.

माझी मुलगी तेव्हा मांडीवर बसायची. तिची टाळू माझ्या हनुवटीखाली बरोबर बसायची, झाकण बसावं तशी. 'तिला कुणीच नव्हतं' हे शब्द त्या टाळूवरून उच्चारायला माझी जीभ वळेना. मी वाचलं, "तिची आई काठावर उभी होती. म्हणाली, जा तू, मी बघतेय."

चित्रकारानं प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात गवताचं एक उंच, विस्कटलेलं झुडूप काढलं होतं. बहुधा कोपरा मोकळा दिसू नये म्हणून. मी त्यावर बोट ठेवलं. "ही बघ तिची आई. लपलीय. केस तेवढे दिसतायत." झालं. तेव्हापासून कासवाच्या पानावर आई, गिरणीच्या पानावर आई, धुक्यात तर आईच आई. दीपगृहाच्या खडकावरही दोन पाती गवत होतं, तिथेही मी पोचले. मुलगी प्रत्येक पान उलटायच्या आधी झुडपाची पापी घ्यायची. त्या पुस्तकाचे सगळे कोपरे त्यामुळे मऊ पडलेत.

आता माझ्यासारखीनं हे करावं हा विनोदच होता. कॉलेजात मी कादंबरी शिकले आहे. तिथे आमच्या सरांना मी एक निबंध लिहून दिला होता, 'लेखक आईवडिलांना पहिल्या प्रकरणातच का मारतो'. मोठ्या होणाऱ्या मुलामुलींच्या कादंबऱ्या घेतल्या होत्या. कुणाची आई तापानं जाते, कुणाचे वडील बोटीसकट बुडतात, कुणाचे दोघेही परदेशी जातात आणि लेखक त्यांना तिथेच विसरतो. जी आई जिवंत राहते ती दारात ओल्या हातांनी उभी असते, नायकाला तिला बाजूला सारून बाहेर पडता यावं म्हणून. मी लिहिलं होतं, 'जेवायला हाक मारणारं कुणी असेल तर साहस घडू शकत नाही.' सरांनी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं. मी लाल झाले. मग रोजच्याच बसनं घरी आले. गल्लीत शिरल्याबरोबर वरून हाक आली, "हात धू आणि आधी जेवून घे!" मी हात धुतले आणि जेवले. मला त्यात काहीच गमतीचं वाटलं नव्हतं.

तीच पुस्तकं आता हातात धरली की मला आधी ती मेलेली बाई दिसते. नायक पुढे निघून जातो. मी मागे पहिल्या प्रकरणात तिच्यापाशी थांबलेली असते.

असो. तर माझी मुलगी, जिला घरात सगळे भिंगरी म्हणतात कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलेली नाही, पहिलीत गेली, आणि त्याच सुमारास माझी नणंद आमच्याकडे राहायला आली.

नणंद लिफ्ट बसवते. बसवते म्हणजे खरोखर, कंबरेला हत्यारांचा पट्टा बांधून, डोक्याला दिवा लावून, इमारतीच्या पोटातल्या त्या उभ्या अंधाऱ्या खोबणीत लोंबकळून. आमच्या भागात नवीन हॉस्पिटल उभं राहत होतं, तिथलं काम तिच्या कंपनीला मिळालं होतं. कंपनीची राहायची सोय होईपर्यंत दादाकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, असं ठरलं.

तिची एक गोष्ट आहे. माझं लग्न झाल्यापासून मी ती ऐकत आले आहे. सासऱ्यांनी तिच्यासाठी बँकेच्या परीक्षेचा क्लास लावला होता, आणि ज्या दिवशी क्लास सुरू होणार त्याच दिवशी पहाटे ती एक पिशवी घेऊन निघाली आणि परगावी कामगारांच्या प्रशिक्षण शाळेत जाऊन बसली. कुणाला न सांगता, एकटी. माझा नवरा हे पाहुण्यांना सांगतो तेव्हा 'एकटी' या शब्दापाशी थोडा थांबतो. पाहुण्यांचे डोळे चमकतात. मग कुणीतरी सौजन्यानं माझ्याकडे वळून विचारतं, "आणि तुमचं माहेर?" माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाहीच. मी आईच्या घरातून निघाले ती नवऱ्याच्या घरात उतरले. मधे फक्त फोटो काढले.

नणंदेनं आल्या आल्या पिशवी टाकली आणि म्हणाली, "वहिनी, मला पाहुणी समजू नकोस. कुठे झोपू तेवढं सांग."

"या वन्सं," मी म्हटलं. आमच्यात ही जुनी थट्टा होती. मी आजीच्या काळातलं 'वन्सं' म्हणायचं आणि तिनं कपाळाला हात लावायचा. "भिंगरीच्या खोलीत झोपा."

हे मी स्वतःच्या तोंडानं म्हटलं.

आठवड्याभरात आमच्या घरातलं प्रत्येक वाक्य 'आत्या म्हणाली'नं सुरू व्हायला लागलं. आत्या म्हणाली केस कापले की मुंडकं हलकं होतं. आत्या म्हणाली घाबरलं की तीनदा शिट्टी वाजवायची. भिंगरीनं माझ्या गाऊनचा पट्टा कंबरेला बांधून त्यात चमचे, कपड्यांचे चिमटे आणि माझा जुना कंगवा लटकवला आणि खुर्चीवर चढून दिव्याचं बटण 'तपासलं'. मी उकडलेलं अंडं तिला नको असायचं. तेच अंडं आत्यानं कपाळावर आपटून फोडलं की दोन खायची. जिन्यात मी वर्षानुवर्षं तिचा हात धरत आले होते. आत्यानं एक दिवस सांगितलं, "कठड्याला धर, माणसाला धरू नकोस, माणूस पडलं तर तूही पडशील." त्या दिवसापासून माझा हात मोकळाच.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर माणसांना खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायला सांगायचं आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचून घ्यायची. नीट न दिसता अंदाजानं वाचणारे मला लगेच ओळखू येतात, त्यांचा आवाज जरा मोठा होतो. त्या दिवसांत माझाही आवाज घरात जरा मोठाच होता.

एकदा भिंगरी खालच्या भिंतीवरून पडली. मी वरून पाहिलं. पायऱ्या कशा उतरले कळलं नाही. अर्ध्या जिन्यात ती वर येताना भेटली, गुडघा फुटलेला, रक्त थेट मोज्यापर्यंत. मी दोन्ही हात पसरले. ती माझ्या हाताखालून वाकून गेली आणि वर ओरडत सुटली, "आत्या! आत्या, हे बघ केवढं!"

ती रडत नव्हती. मिरवत होती. मी जिन्यात हात पसरून तशीच उभी होते. शेजारची बाई भाजीची पिशवी घेऊन येत होती, तिला वाटलं मी तिचीच वाट अडवतेय.

"तू जळतेयस," नवरा म्हणाला. मी भांडं घासत होते.

"कशाला जळू? मला उलट आराम आहे."

"ते भांडं मघाशीच स्वच्छ झालंय."

मग ती संध्याकाळ आली. मी वाळलेले कपडे घेऊन खोलीत जाणार तोच आतून नणंदेचा आवाज आला. गोष्ट वाचत होती. टबाचीच. मी दाराबाहेर थांबले. वरचा टॉवेल घसरला तो हातात धरला आणि कान दाराला लावला.

"तिला कुणीच नव्हतं," नणंद वाचत होती.

"चुकलीस!" भिंगरी ओरडली. "तिची आई काठावर उभी होती. म्हणाली, जा तू, मी बघतेय. नीट वाच ना."

"कुठे आहे गं असं?"

"आत्या, तुला वाचता येत नाही का? ही बघ आई. लपलीय. केस दिसतायत."

मी मनात म्हटलं, संपलं. आता ही हसेल. आता ही सांगेल.

"अगंबाई, हो की," नणंद म्हणाली. "मला दिसलीच नाही. चष्मा लागला वाटतं. तुझ्या आईच्या दुकानात जायला हवं." आणि तिनं वाचलं, अगदी माझ्या शब्दांत, "तिची आई काठावर उभी होती."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, टॉवेलाची घडी घालण्याइतका वेळ. मग वाटलं, आता हे तिच्याकडे राहिलं. माझी लाज तिनं राखली आणि खिशात घातली.

नंतर स्वयंपाकघरात ती चहाचा कप विसळत म्हणाली, "वहिनी, दिवसभर लोकांना म्हणतेस दिसतं तेवढंच वाचा. आणि घरी?"

"लहान आहे ती."

"मी काही बोलत नाहीये बाई. झुडूप मस्त आहे तुझं."

"वन्सं, कप विसळून झाला असेल तर नळ बंद करा," मी म्हटलं. तिनं नळ बंद केला. 'वन्सं'वर कपाळाला हात लावला नाही.

शाळेत अक्षरं झाली, मग जोडून शब्द. सगळ्या पोरांना पहिल्यांदा जो शब्द वाचता येतो तोच भिंगरीलाही आला. पाटीवर आई, वहीत आई, बाथरूमच्या आरशावर वाफेत आई. मी त्या आरशाला हात लावू दिला नव्हता कुणाला. वाफ आपोआप गेली तेव्हा गेली.

मला तेव्हाच कळायला हवं होतं की हाच शब्द घेऊन ती कुठे जाणार आहे.

एक दिवस दुकानातून आले तर ती जमिनीवर पालथी पडून ते पुस्तक वाचत होती. बोट ओळीखालून सरकत होतं. मी चपला काढल्या, पर्स ठेवली. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आई, मी सगळं पुस्तक वाचलं. एकटीनं. शेवटपर्यंत."

"अगं वा."

"त्यात आई नाहीये."

मी पाणी प्यायला गेले. ती पुस्तक घेऊन मागोमाग आली.

"मी सगळीकडे शोधलं. मला आई वाचता येतं ना, म्हणून तोच शब्द शोधला. एकाही पानावर नाहीये."

"छापायचं राहिलं असेल," मी म्हटलं. आवाज मोठा झाला होता.

"इथे लिहिलंय, तिला कुणीच नव्हतं." तिनं बोट ठेवलं. "म्हणजे ती गिरणीत एकटी गेली?"

मी ग्लास तोंडाला लावला.

"आणि धुक्यात? धुक्यात पण एकटी?"

ती आता रडेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी ग्लास खाली ठेवून हात मोकळे करून घेतले होते. पण तिच्या चेहऱ्यावर जे उगवलं ते पाहुण्यांच्या चेहऱ्यावर माझ्या नवऱ्याच्या 'एकटी'नंतर उगवतं ना, अगदी तेच. तिचे डोळे मोठे झाले. "बाप रे," ती हळूच म्हणाली. "एक-टी!" आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडून धावत गेली. ती गोष्ट आता तिला पहिल्यांदा सापडली होती. माझ्याशिवायची.

नणंद कामावरून आली तेव्हा मी दारातच होते.

"सांगितलंस ना शेवटी?"

"काय?"

"सगळी तुझीच झालीय, तेवढं एक पुस्तक माझं होतं. ते पण बघवलं नाही. स्वतःचं घर सोडायची हौस होती, सोडलंस. आता माझी पोरगी फोड. स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं कशाला हात घालतेयस."

हे शेवटचं वाक्य बाहेर पडलं आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो, जमिनीवर काहीतरी सांडावं तसं. नवरा आतून आला, आमची तोंडं पाहिली आणि तसाच मागे वळला.

नणंदेनं डोक्यावरचा दिवा काढला. कपाळावर पट्ट्याचा लाल वळ होता.

"मी सांगितलं नाही," ती म्हणाली. "मी रोज तुझं झुडूपच वाचत होते. काल तर तुझ्या त्या आईला मी गिरणीच्या छपरावर चढवलं. विचार तिला."

मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. शाळेनं शिकवलं होतं, आणि ती शिकली होती. शाळेवर कसं ओरडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद निघाली. कंपनीच्या खोल्या तयार होत्या, आमच्यापासून दोनच गल्ल्या पलीकडे, पिवळ्या इमारतीत. भिंगरी शाळेत गेली होती. मी चहा ठेवला. आम्ही तो उभ्यानंच प्यायलो.

"एक सांगू?" ती जिन्याच्या तोंडाशी म्हणाली. "दादाची ती गोष्ट आहे ना. मी एकटी गेले ती."

"पाठ आहे मला."

"आई आली होती."

सासूबाईंना जाऊन काही वर्षं झाली आहेत. मला त्या आठवतात त्या कमी बोलणाऱ्या, सगळं ऐकू येणाऱ्या.

"बसस्टँडवर," नणंद सांगत होती. "मी चढताना बसच्या काचेत दिसली. पेपरच्या टपरीमागे. घरातल्या चपला, आणि अंगावर दादाचा स्वेटर, तोही उलटा. शिवण बाहेर. मी उठले तेव्हापासून जागी असणार. मला जाऊ दिलं आणि मागोमाग आली."

"मग?"

"मग काय. मी वळले नाही. वळले असते तर उतरले असते. पाठ अशी ताठ केली की गाव मागे पडेपर्यंत दुखत होती. तिला वाटलं मला दिसली नाही. तिनं कधी विषय काढला नाही, मीही नाही. शेवटपर्यंत आम्ही दोघींनी तो स्वेटर पाहिलाच नाही."

"ह्यांना माहीत आहे?"

"दादाला? छे. तो गोष्ट इतकी छान सांगतो, कशाला त्याचा रस काढून घ्यायचा." तिनं पिशवी खांद्यावर टाकली. "तू झुडपात जाऊन बसलीस त्याचं काही नाही गं वहिनी. सगळ्याच बसत असतील. पण तू तिला बोट ठेवून दाखवलंस."

ती उतरून गेली. कठड्याला धरून.

मला वाटलं होतं, त्या दिवशी तरी माझी जळजळ थांबेल. उलट नव्यानं पेटली. हिला दोन्ही मिळालं होतं. निघून जाणंही आणि टपरीमागची आईही, आणि वर गावभर नाव की एकटी गेली. माझ्या निबंधात मी लिहिलं होतं की लेखक आईला मारतो. सासूबाईंना कुणी मारलं नव्हतं. त्यांनी स्वतःच गोष्टीतून अंग काढून घेतलं होतं, आणि इतक्या सफाईनं, की त्यांच्या मुलालाही पत्ता नाही. मला हे कधी जमेल असं वाटेना, आणि ज्यांना जमलं त्यांच्यावरही मी जळत होते. मेलेल्या सासूवर जळणारी मीच असेन.

संध्याकाळी भिंगरीला पलंगाखाली तो डोक्याचा दिवा सापडला. नणंद विसरली की ठेवून गेली हे मला अजून ठाऊक नाही.

"मी नेऊन देते," भिंगरी म्हणाली. "एकटी."

"अजिबात नाही."

"दोनच गल्ल्या आहेत."

"नाही म्हटलं ना."

"मग टब तरी आण," ती म्हणाली, आणि इतक्या गंभीरपणे म्हणाली की नवरा हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. मी हसले नाही. तेव्हा मला माझी आई आठवली, फोनच्या पलीकडची.

त्या आठवड्यात मी ती वाट रोज चालून पाहिली. आमच्या इमारतीचं फाटक, फाटकाला लागून मेंदीचं कुंपण, मग इस्त्रीचं दुकान, मग सायकली दुरुस्त करणारा, तिथून डावीकडे वळण, मग थोडी भिंत, मग पिवळी इमारत, हिरवा दरवाजा. मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. मी अशा नजरेनं पाहत चालले होते की सायकलवाल्यानं विचारलं, "बाई, काही हरवलं का?"

नणंदेला फोन केला. "ती पोचली की मला कळव."

"नाही कळवणार."

"वन्सं!"

पलीकडे तिनं कपाळाला हात लावल्याचं मला ऐकू आलं. "तिला सांगू दे ना, तिला वाटलं तर. आणि मी खोबणीत असले तर फोन लागतच नाही. दरवाजा उघडा असतो, खाली आमची स्वयंपाकाची बाई असते. पाठव तू."

शनिवारी मी तिला पाठवलं. निळी पाठपिशवी, आत दिवा. तिनं कंबरेला गाऊनचा पट्टाही बांधला होता. तो सोड म्हणायचं माझ्या ओठांवर आलं, मी गिळलं. ती कठड्याला धरून उतरली. मी वर थांबणार होते. खरंच थांबणार होते. पण माझे पाय माझ्या आधी उतरले, आणि तळमजल्याच्या दारामागे, जिथे काचेवर धूळ आहे, तिथे जाऊन मी उभी राहिले.

भिंगरी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. मागे वळली. परत आली, कुंपणापाशी, आणि दोन्ही हातांनी मेंदीच्या फांद्या बाजूला करून आत डोकावली. एकदा इथे, मग थोडं पुढे. ती मला शोधत होती.

झुडपात कुणी नव्हतं.

तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं? सुटल्याचं होतं की जरासं वाईट वाटल्याचं? धुळकट काचेतून मला नीट दिसलं नाही. आणि अंदाजानं मी वाचलं नाही. ती वळली, तोंडानं शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला, नुसतीच हवा आली असणार, आणि ती इस्त्रीच्या दुकानापुढून निघून गेली. पाठ ताठ होती. मी दाराची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. कुणी बाहेरून पाहिलं असतं तर वाटलं असतं मी दार पडू नये म्हणून धरलंय.

परत आली तेव्हा हाताला वंगण लागलं होतं.

"कसं होतं?" मी विचारलं.

"होतं," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

आता दर शनिवारी जाते. दिवा केव्हाच पोचला, पण काहीतरी कारण निघतंच. आणि दर शनिवारी ती गेली की मी खिडकीपाशी कागद घेऊन बसते आणि हे थोडं थोडं लिहिते, कारण हात कागदावर असले की पाय जिन्याकडे जात नाहीत. खिडकीतून सायकलच्या दुकानापर्यंत दिसतं. वळण दिसत नाही. वळणापलीकडची ती मला कधीच दिसलेली नाही. इस्त्रीवाल्याला ती समोरून दिसते, मी इस्त्रीवाल्यावर जळते. त्या भिंतीवर जळते. पिवळ्या इमारतीतल्या स्वयंपाकाच्या बाईवर तर विचारूच नका. आणि आता ओळखीच्या-अनोळखी, हे वाचणाऱ्या तुमच्यावरही जळणार आहे, कारण मला तुमच्याकडे एक काम आहे.

ती आत्ताच वळणाआड गेलीय. असं वळण तुमच्याही घराजवळ असेल, आणि अशी कुणी एक त्यावरून जात असेल. निळी पाठपिशवी, कंबरेला कापडी पट्टा, त्यात एखादा चमचा. शिट्टी वाजवत असेल, पण आवाज येत नसेल. जरा बघाल? हाक मारू नका. नाव विचारू नका, आणि मी सांगितलंय हे तर अजिबात कळू देऊ नका. ती थांबून एखादं झुडूप बाजूला करून बघायला लागली तर तुम्ही दुसरीकडेच बघताय असं दाखवा. सासूबाईंना जमलं होतं, तुम्हालाही जमेल. ती हिरव्या दरवाजातून आत गेली का, तेवढं बघा.